हातचं सोडणारी माणसं

फार मोठ्या माणसाचा मृत्युलेख बहुधा तो जिवंत असतानाच लिहून तयार असतो. जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभरी ओलांडून गेले. न्यूयॉर्क टाइम्सनं त्यांच्यावर जो दीर्घ लेख छापला, त्याचा एक सहलेखक २०१७ मध्येच वारला होता! इतकी जुनी तयारी असली की मजकुराचा क्रमही ठरून जातो. शेंगदाणे पिकवणारा शेतकरी, व्हाइट हाउस, कॅम्प डेव्हिडचा करार, तेहरानमधले ओलीस, १९८० साली रेगनकडून झालेला दणदणीत पराभव. त्यानंतरची चव्वेचाळीस वर्षं मग उरलेल्या जागेत बसवायची.

२०२४ च्या दिवाळीपासून २०२५ च्या दिवाळीपर्यंत जगभरातून कोण कोण गेलं याची यादी करायला घेतली तर ती कुठल्याही अंकात मावणारी नाही. झाकीर हुसेन, श्याम बेनेगल, जयंत नारळीकर ही तर घरचीच माणसं. त्यांच्यावर ठिकठिकाणी स्वतंत्र लिहिलं जातंच, म्हणून त्यांना इथे नुसता नमस्कार. मी निवडली ती बाहेरची, आणि त्यातलीही एका विशिष्ट जातकुळीची माणसं. ज्या कामानं नाव झालं तेच बाजूला ठेवून त्यांनी भलतंच काही अंगावर घेतलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शहाणपण आपल्याला लहानपणीच पाजलेलं असतं. यांना ते कुणी पाजलं नसावं.

कार्टरांचं पळतं म्हणजे नारू. पन्नाशीपुढच्या ग्रामीण वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको. महाराष्ट्र हे नारूच्या हक्काच्या राज्यांपैकी एक होतं. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरतो, घोटाभर पाण्यात उभा राहून घागर बुडवतो. त्या पाण्यात डोळ्यांना धड न दिसणारे सायक्लोप्स असतात आणि त्यांच्या पोटात नारूची अळी. पाणी प्यायल्यावर वर्षभर काहीच होत नाही. मग पायाला फोड येतो, आग आग होते, तो फुटतो आणि दोऱ्यासारखं पांढरं टोक बाहेर येतं. ते ओढून काढायचं नसतं. तुटलं तर पाय सडतो. काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं काढायचं, हातभर लांबीची अळी पूर्ण निघेपर्यंत काही आठवडे. दरम्यान आग शमवायला रोगी पुन्हा पाण्यात पाय घालतो, आणि हजारो पिल्लं विहिरीत.

यावर औषध नाही, लस नाही. उपाय काय, तर पाणी फडक्यानं गाळून प्या आणि फुटलेला पाय विहिरीत घालू नका. अशा कामात कसली कीर्ती? माजी राष्ट्राध्यक्षानं गावोगाव जाऊन कापडातून पाणी गाळायला सांगायचं! १९८६ मध्ये कार्टर सेंटरनं हे काम हाती घेतलं तेव्हा वीसेक देशांत मिळून सुमारे ३५ लाख रोगी होते. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत कार्टरांनी दोन्ही बाजूंना बंदुका खाली ठेवायला लावल्या, त्याचं मुख्य कारण आरोग्यसेवकांना खेड्यांपर्यंत पोहोचता यावं हे होतं. तो विराम जवळजवळ सहा महिने टिकला. भारतानं आपली मोहीम त्याआधीच, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काढली होती. इथला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. कॅन्सरचं निदान झाल्यावर २०१५ मध्ये कार्टर म्हणाले होते की शेवटचा नारू माझ्याआधी मरावा. तेवढं जमलं नाही. २०२४ सालच्या अखेरीस साऱ्या जगातल्या रोग्यांची नोंद होती १५.

कार्टर कुटुंबाचं मुंबईशी नातं त्याहून जुनं. त्यांच्या मातोश्री लिलियन या नर्स. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी पीस कोअरमध्ये नाव घातलं आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात येऊन काम केलं, तेही मुलगा राष्ट्राध्यक्ष होण्याच्या दहा वर्षं आधी. लेक २००६ मध्ये लोणावळ्याजवळ आला तो गरिबांसाठी शंभर घरं बांधायला, हातात हातोडी घेऊन. तेव्हा वय ८२.

सेबॅस्टिओ साल्गादो २३ मे २०२५ ला पॅरिसमध्ये गेले. त्यांनी हातचं दोनदा सोडलं. शिक्षणानं अर्थतज्ज्ञ, लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत उत्तम नोकरी. ती सोडून १९७३ पासून पूर्णवेळ छायाचित्रकार. ब्राझीलच्या सेरा पेलादा खाणीत चिखलानं माखलेले, पोती पाठीवर घेऊन शिड्या चढणारे हजारो मजूर त्यांनी टिपले ते १९८६ मध्ये. त्या चित्रांनी जगाची झोप उडवली. चर्चगेट स्टेशनचा त्यांचा १९९५ सालचा फोटो मुंबईकरानं आवर्जून पाहावा. कॅमेरा उंचावर, दोन बाजूंना लोकल ठळक, स्थिर, आणि मधला फलाट म्हणजे नुसता धूर. शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवल्यानं माणसं विरघळून गेली आहेत. रोज त्या धुरातून वाट काढणाऱ्याला आपण कसे दिसतो हे यापूर्वी कुणी दाखवलं नव्हतं. दारिद्र्य देखणं करून दाखवतात असा आक्षेप त्यांच्यावर आयुष्यभर घेतला गेला. तो अगदीच खोटा नाही, पण चर्चगेटच्या फोटोला मात्र तो लागू पडत नाही.

रुवांडातला नरसंहार पाहून ते मनानं आणि शरीरानं खचले. कॅमेरा बाजूला ठेवून ब्राझीलमधल्या वडिलोपार्जित शेतावर परतले तर तिथली जमीन गुरं चरून चरून उघडीबोडकी झालेली. इथे पुन्हा जंगल लावू, ही कल्पना पत्नी लेलिया यांची. १९९८ मध्ये दोघांनी संस्था काढली. आजवर वीस लाखांहून अधिक झाडं लागली, आटलेले झरे पुन्हा वाहू लागले.

न्गुगी वा थिओंगो यांनी जे सोडलं ते लेखकाला सर्वांत अवघड. त्यांनी भाषाच सोडली, आणि तीही इंग्रजी. केनियातल्या लिमुरूजवळ १९३८ मध्ये जन्मलेल्या, तेव्हा जेम्स न्गुगी या नावानं लिहिणाऱ्या तरुणाची १९६४ मध्ये आलेली पहिली कादंबरी ही पूर्व आफ्रिकेतल्या लेखकाची पहिली इंग्रजी कादंबरी मानली जाते. नाव झालं, लंडनचे प्रकाशक मिळाले, नैरोबीत प्राध्यापकी मिळाली. आणि मग १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच्या गावात, कामिरिथूत, शेतकरी-कामगारांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक बसवलं. इंग्रजीत कितीही जळजळीत लिहिलं तरी सरकारनं त्यांना आत टाकलं नव्हतं. गावकऱ्यांना कळेल असं नाटक झाल्यावर मात्र परवाना रद्द झाला, आणि डिसेंबरअखेरच्या एका रात्री पोलीस दारात. खटला नाही, वर्षभर कामिती तुरुंग. तिथे मिळणाऱ्या शौचाच्या कागदावर त्यांनी गिकुयूतली आपली पहिली कादंबरी लिहिली. तो कागद खरखरीत होता, कैद्याचे हाल व्हावेत म्हणून. पण मऊ कागदापेक्षा लिहायला तोच बरा! झडतीत बाड जप्त झालं, पुढे नवा अधिकारी आला आणि त्यानं ते परत केलं.

१९८६ मधल्या 'मातिगारी'ची गोष्ट तर विनोदी म्हणावी अशी. मातिगारी नावाचा कुणी माणूस न्याय मागत गावोगाव फिरतोय अशी कुजबुज सरकारच्या कानावर गेली आणि त्याला पकडायचा हुकूम सुटला. तो कादंबरीतला नायक आहे असं कळल्यावर पोलिसांनी दुकानांतली पुस्तकं उचलून नेली. लेखक तोवर परदेशात होता. उरलेलं आयुष्य बरंचसं अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेलं, आणि २८ मे २०२५ ला जॉर्जिया राज्यात मृत्यू आला. त्याच सुमारास महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून रण माजलं होतं; जूनअखेर सरकारनं ते आदेश मागे घेतले. त्या वादात दोन्ही बाजूंना न्गुगींचा दाखला देता आला असता. कुणी दिलेला माझ्या वाचनात नाही. मराठीच्या अभिजात दर्जाचे पेढे वाटून झाले की आपण मुलांची नावं कुठल्या शाळेत घालतो, हा प्रश्न त्यांनी विचारला असता, आणि तो दोन्ही बाजूंना नकोसा झाला असता.

हा लेख छापायला देता देता १ ऑक्टोबरला जेन गुडॉल गेल्याची बातमी आली. वय ९१, व्याख्यानाच्या दौऱ्यावर असताना कॅलिफोर्नियात. १९६० मध्ये पदवी नसताना टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जाऊन बसलेली सव्वीस वर्षांची ही मुलगी. चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून वाळव्या काढून खातो, म्हणजे हत्यार वापरतो, हे तिनं पाहिलं. जंगल हा तिचा जीव की प्राण. तेही तिनं सोडलं. १९८६ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत चिंपांझींची जंगलं किती झपाट्यानं नाहीशी होताहेत हे ऐकलं आणि त्यानंतर वर्षाचे सुमारे तीनशे दिवस ती विमानं, हॉटेलं आणि सभागृहांत राहिली. हा त्याग फोटोत दिसत नाही.

उरुग्वेचे माजी अध्यक्ष होसे मुहिका १३ मे रोजी गेले. आधी गनिमी लढवय्या, मग तेरा-चौदा वर्षं कैदी, मग अध्यक्ष, शेवटी पुन्हा आपल्या फुलशेतीवर. जगानं त्यांच्या जुन्या फोक्सवॅगन बीटलचं कौतुक जरा अतीच केलं. टॉम लेहरर यांनी बोचऱ्या विनोदी गाण्यांनी पन्नास-साठच्या दशकांत अमेरिका हसवली, मग गाणं सोडून मुलांना गणित शिकवलं आणि म्हातारपणी सगळ्या गाण्यांचे हक्क लोकांना फुकट देऊन टाकले. २६ जुलैला गेले, वय ९७.

आता नियमाला अपवाद, हातचं कधीच न सोडलेले दोघे. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन १७ फेब्रुवारीला झोपेत वारले. त्यांच्या रक्तात एक दुर्मीळ प्रतिपिंड होतं. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला जे अँटी-डी इंजेक्शन देतात, ते या प्रतिपिंडापासून बनतं. वयाच्या अठराव्या वर्षापासून एक्याऐंशीपर्यंत त्यांनी ११७३ वेळा रक्त किंवा प्लाझ्मा दिला, त्यातला ११६३ वेळा उजव्या हातातून. सुई टोचताना ते दर वेळी दुसरीकडे बघत. भीती वाटायची.

आणि दुसरे, २२ सप्टेंबरला ९२ व्या वर्षी गेलेले पंच डिकी बर्ड. लग्न केलं नाही, क्रिकेटशीच केलंय म्हणत. वेळेच्या धास्तीनं आपल्या पहिल्या काउंटी सामन्याला ते पहाटेच ओव्हलवर पोचले, फाटक बंद म्हणून भिंतीवर चढले आणि पोलिसानं हटकलं, हा किस्सा ते स्वतः रंगवून सांगत. १९८३ च्या अंतिम सामन्यात अमरनाथच्या चेंडूवर होल्डिंगला पायचीत देणारं बोट यांचंच. त्या क्षणी ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेल्यांना ते नाव आजही आठवेल. शेवटची कसोटी १९९६ ची, लॉर्ड्सवरची, इंग्लंड-भारत, म्हणजे द्रविड आणि गांगुलीची पहिली. मैदानात उतरताना दोन्ही संघांनी रांगा करून मानवंदना दिली, बर्डसाहेबांना रडू आवरेना. डोळे पुसत ते जागेवर उभे राहिले आणि पहिल्याच षटकात श्रीनाथच्या अपिलावर इंग्लंडच्या कर्णधाराला, आथर्टनला, शून्यावर पायचीत देऊन मोकळे झाले.