म्हैसूरचा वर्ग घरी आला, तेव्हा खर्च कोणाच्या खाती पडला?

मोठ्या कंपनीत नोकरी लागली की दुसऱ्या दिवसापासून काम सुरू होते, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. संगणक क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांत तसे घडत नाही. तेथे नव्या माणसाला आधी काही महिने शिकवितात, परीक्षा घेतात, आणि त्या काळात त्याला पगारही देतात. आता हेच शिकविणे आंतरजालावरून, म्हणजे रूढ शब्दांत ऑनलाइन, होऊ लागले आहे. ही सोय आहे हे सगळे सांगतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मात्र सोयीच्या पुढे जाऊन जमाखर्च पाहिला पाहिजे, म्हणून हा लेख.

उदाहरण इन्फोसिसचे घेऊ. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर काढली आणि १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली. जन्म मराठी मुलखात आणि वाढ कन्नड मुलखात, तेव्हा या अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांनी तिच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही! नव्या पदवीधरांना शिकविण्यासाठी कंपनीने म्हैसूरला सुमारे ३३७ एकरांचे आवार उभारले. तेथील दुसऱ्या मोठ्या शिक्षण इमारतीचे उद्घाटन १५ सप्टेंबर २००९ रोजी सोनिया गांधींच्या हस्ते झाले. दोन्ही मिळून एका वेळी सुमारे चौदा हजार जण तेथे शिकू शकतात. कित्येक तालुक्यांच्या गावांची वस्ती एवढी नसते.

अशा आवाराचा बहुतेक खर्च स्थिर असतो. इमारती, वसतिगृहे, भोजनगृहे, शिक्षकांचे पगार हे सारे शिकणारे चौदा हजार असोत की चार हजार, फारसे कमी होत नाही. ऑनलाइन पाठाचे गणित निराळे. पाठ एकदा तयार करायला पैसा लागतो. नंतर तो शंभरांनी पाहिला काय आणि लाखाने पाहिला काय, जास्तीचा खर्च नाममात्र. माणशी खर्च झपाट्याने उतरतो.

परंतु कंपनीला सर्वांत महाग पडते ते जुन्या कर्मचाऱ्याला पुन्हा शिकविणे. समजा, हिंजवडीत कोणी परदेशी ग्राहकाचे काम करीत आहे. दर दोन-तीन वर्षांनी त्याचे तंत्र जुने होते. त्याला महिनाभर म्हैसूरला पाठवायचे म्हणजे पगार द्यायचा, राहण्याजेवण्याचा खर्च करायचा, आणि त्या महिन्याचे ग्राहकाला लावायचे बिल बुडवायचे. हे बुडालेले उत्पन्नच खरा खर्च. आपल्या पुस्तकांत त्याला संधी-खर्च म्हणतात. इन्फोसिसने २०१८ च्या सुमारास ‘लेक्स’ नावाची स्वतःची शिकण्याची व्यवस्था काढली, तिचे मर्म मला येथे दिसते. कर्मचारी भ्रमणध्वनीवर अर्धा तास पाठ पाहतो, चाचणी देतो, सकाळी कामावर हजर. कामाचा दिवस बुडत नाही.

जुन्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत ही पद्धत बरी चालते. त्याचा पाया झालेला असतो, यंत्र कंपनीचे असते, पगार सुरू असतो, आणि अडलेच तर शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस असतो. (तो अर्धा तास त्याच्या झोपेतून जातो की कामाच्या वेळेतून, हा प्रश्न उरतोच, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर म्हैसूरच्या शिकाऊ पदवीधरांनाही घरी जावे लागले आणि त्यांचे पुढचे पाठ घरून सुरू झाले. त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता. पण नव्या माणसालाही घरबसल्या शिकविता येते, हे त्यातून सर्वच कंपन्यांना दिसले. रुजू होण्यापूर्वीच घरी पाठ करून या, अशी रीत आता अनेक ठिकाणी रुळली आहे.

येथे खर्चाची जागा बदलते. माझे गाव चलथाण, सुरत जिल्ह्यात, ताप्ती मार्गाच्या रेल्वेवर. सहकारी साखर कारखाना आणि आसपासचे यंत्रमाग यांमुळे खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली. अशा घरातला मुलगा पदवीधर झाला आणि त्याला घरून शिकायला सांगितले, तर संगणक, वीज, आंतरजाल आणि दार लावून बसता येईल अशी खोली कोणी पुरवायची? म्हैसूरला हे सर्व कंपनीच्या नफातोटा पत्रकात खर्च म्हणून पडत होते. आता ते वडिलांच्या महिन्याच्या खर्चात पडते, आणि तेथे त्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

दुसरी गोष्ट पैशात मोजता येणार नाही. साखर कारखान्यात पाक शिजविणारा पॅनमन काचेवर नमुना घेतो, उजेडात धरतो आणि दाणा बसला की नाही ते सांगतो. नवा माणूस त्याच्याशेजारी उभा राहून हे शिकतो. संगणकाचे काम अगदी तसे नाही, त्यातला बराच भाग पडद्यावरून उत्तम शिकता येतो हे मला मान्य आहे. मात्र मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला म्हैसूरला संगणकाच्या भाषेबरोबर इंग्रजी बोलणे, बैठकीत प्रश्न विचारणे, परक्या प्रांतातल्या सोबत्याबरोबर राहणे हेही मिळत होते. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाने यातले बरेच आधीच कमावलेले असते. वर्ग घरी आला की दोघे आपापल्या घरचीच शिदोरी घेऊन परीक्षेला बसतात.

आणि परीक्षा कडक असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरहून तीनशेहून अधिक शिकाऊ पदवीधरांना कमी करण्यात आले. तीन वेळा संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षेत उतरले नाहीत, असे कंपनीने सांगितले. त्याआधी २०२४ मध्ये पुण्याच्या ‘निटेस’ या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती. २०२२ मध्ये निवड झालेल्या सुमारे दोन हजार पदवीधरांना दोन वर्षे रुजू करून घेतले नाही, आणि मधल्या काळात त्यांच्याकडून विनावेतन ऑनलाइन पूर्वप्रशिक्षण करून घेतले, असा तिचा आक्षेप होता. दिलेले शब्द पाळले जातील, असे कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांनी तेव्हा जाहीर केले. यात कोणाचे किती बरोबर याचा निवाडा मी करणार नाही. पण वर्ग, वसतिगृह आणि पगार हे एकत्र असताना विनावेतन प्रशिक्षण ही गोष्ट फारशी संभवत नव्हती. वर्ग वेगळा काढता आला, म्हणून पगारही त्यापासून वेगळा काढता आला.

हिशेबशास्त्राचा एक नियम येथे आठवतो. भारतीय लेखामानक ३८ प्रमाणे प्रशिक्षणावरचा पैसा मालमत्ता म्हणून दाखविता येत नाही. तो झाला त्या वर्षीच खर्ची टाकावा लागतो. म्हैसूरची इमारत ताळेबंदात दिसते, तिच्यात शिकलेली माणसे दिसत नाहीत. गंमत अशी, की हीच इन्फोसिस पूर्वी लेव्ह-श्वार्ट्झ पद्धतीने आपल्या माणसांचे मूल्य काढून वार्षिक अहवालात छापीत असे. मानवी साधनसंपत्तीच्या प्रकरणात तिचे उदाहरण हमखास येते. जो पैसा केवळ खर्च म्हणूनच दिसतो, तो कमी करण्याचा मोह प्रत्येक व्यवस्थापनाला होणारच.

२०२१ पासून ‘स्प्रिंगबोर्ड’ या नावाने इन्फोसिसचे बरेच पाठ बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही विनामूल्य खुले आहेत. नोकरी नसतानाही ते करण्यासारखे आहेत आणि आपल्या वाचनालयातल्या संगणकांवर ते करण्याची सोय झाली तर घरी यंत्र नसलेल्यांचा मोठा अडसर दूर होईल. महाविद्यालयात निवडीसाठी कंपन्या येतात तेव्हा आपण पगाराचा आकडा तेवढा विचारतो. त्यासोबत एवढेही विचारावे : प्रशिक्षण कुठे आणि किती आठवडे, त्या आठवड्यांचा पगार मिळणार का, यंत्र कोण देणार, नापास झाल्यास किती संधी, आणि रुजू होण्याची तारीख पत्रात लिहून मिळणार का.