हलकी क्रीडा-मोटार आणि तिच्यांतील सुधारणा

एखादी वस्तु हातीं आली कीं ती मनाजोगी करून घ्यावी, अशी इच्छा मनुष्यास होतेच. घर घेणारा खिडकी मोठी करतो, सदरा घेणारा बाह्या आखूड करतो. मोटारीच्या शोकी लोकांत ही हौस विशेष असते. परंतु खिडकी चुकली तर फार तर ऊन अधिक येतें. मोटारींतील बदल चुकला तर मात्र ताशीं शंभर किलोमीटर वेगानें जाणाऱ्या माणसाच्या जिवाशीं गांठ पडते. म्हणून कोणता बदल खर्चाच्या लायकीचा आणि कोणता केवळ देखाव्याचा, याचा विचार दुकानांतील झगमगाटापासून दूर बसून करणें हिताचें.

हलकी क्रीडा-मोटार म्हणजे दोन माणसांपुरती, बहुधा उघडतां येणाऱ्या छताची, वजनानें कमी व वळणावर चपळ अशी गाडी. या जातीची कीर्ति ज्यांनीं वाढविली त्यांत इंग्लंडमधील कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२) यांचें नांव अग्रभागीं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बांधकाम-रचनेचें शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांनीं लोटस कंपनी स्थापिली आणि १९५७ मध्यें लोटस सेव्हन व १९६२ मध्यें लोटस एलान या गाड्या बाहेर काढल्या. इंजिन मोठें करीत बसण्यापेक्षां गाडींतील अनावश्यक भार कमी करावा, हें त्यांच्या कामाचें सूत्र होतें. पुढें जपानांतील हिरोशिमा येथील माझदा कंपनीनें त्याच परंपरेंतील एम-एक्स-५ ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत मांडली. अमेरिकेंत ती मियाटा या नांवानें ओळखली जाते. एप्रिल २०१६ मध्यें या नांवाची दहालाखावी गाडी तयार झाली. तिच्यांत फेरफार करणारे लोक अगणित असल्यामुळें उदाहरणास हीच गाडी घेणें सोयीचें.

प्रथम थोडा हिशेब. अमेरिकेंत विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या गाडीचें इंजिन १.६ लिटरचें, शक्ति ११६ अश्वशक्ति आणि वजन सुमारें ९६० किलो. म्हणजे दर हजार किलोंमागें जवळजवळ १२१ अश्वशक्ति. आतां इंजिनास हात न लावतां ५० किलो वजन कमी केलें, तर हेंच प्रमाण १२७ च्या वर जातें. वेग घेण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर इंजिनाची शक्ति सहा अश्वशक्तींनीं वाढविल्यासारखेंच हें झालें. शिवाय वाढलेली शक्ति केवळ पुढें जातांना उपयोगी पडते. कमी झालेलें वजन मात्र थांबतांना व वळतांनाहि उपयोगी पडतें, आणि टायर व ब्रेक यांची झीजहि वांचवितें. तथापि वजन कमी करावयाचें म्हणून अपघातांत रक्षण करणारे भाग काढून टाकणें हा शहाणपणा नव्हे. डिकींत वर्षानुवर्षें पडून राहिलेलें सामान काढणें ही पहिली पायरी. ती फुकट आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, सुधारणेपूर्वीं दुरुस्ती. पहिल्या पिढीच्या या गाड्या आतां पंचवीस वर्षांहून जुन्या झाल्या आहेत. सांध्यांतील रबरी बुश कडक झालेले, शॉक-अॅब्सॉर्बर निकामी, रेडिएटरच्या नळ्या चिरलेल्या, अशा स्थितींत नवी यंत्रसामग्री चढविणें म्हणजे आधीं कळस मग पाया. झिजलेले भाग बदलून गाडी मूळच्यासारखी केली, तर पुष्कळांना कोणत्याहि सुधारणेची गरज भासणार नाहीं.

यानंतर खर्चाचा पहिला मान टायरांचा. गाडी कितीहि मोठी वा महाग असली तरी एका टायरचा रस्त्याशीं होणारा स्पर्श फार तर तळहाताएवढा असतो. इंजिनाचा जोर, ब्रेकचा दाब, स्टिअरिंगची दिशा हें सारें त्या चार तळहातांमधूनच रस्त्यास पोंचतें. टायरच्या बाजूवर निर्मितीचे चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वरची नक्षी शाबूत दिसली तरी जुनें रबर कडक होतें आणि ओल्या रस्त्यावर दगा देतें. ज्याच्यापाशीं एकाच वस्तूपुरते पैसे आहेत, त्यानें ते उत्तम टायरांवर घालावे.

टायरांच्या खालोखाल स्वस्त व गुणकारी बदल म्हणजे चाकांचें अलाइनमेंट. या गाडींत चारहि चाकें दुहेरी त्रिकोणी भुजांवर टांगलेलीं आहेत, आणि त्या भुजांच्या बोल्टांवरील विकेंद्र चकत्या फिरवून चाकांचा कल व रोख जुळवितां येतो. पुढील चाकांचा रोख किंचित् सरकला तरी गाडीचा स्वभाव बदलतो. सरळ चालणारी गाडी अस्वस्थ होते, किंवा आळशी गाडी तत्पर होते. नवा भाग एकहि न घेतां, केवळ जाणत्या कारागिराच्या कांहीं तासांच्या श्रमांनीं हें साधतें.

ब्रेकांच्या बाबतींत भ्रम फार. वेग दुप्पट झाला कीं गाडींतील गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी उष्णतेच्या रूपानें ब्रेकांना सोसावी लागते, हें खरें. परंतु मूळचे ब्रेक जर चाकें जागच्याजागीं जखडण्याइतके समर्थ असतील, तर मोठे ब्रेक बसविल्यानें एका वेळचें थांबण्याचें अंतर कमी होत नाहीं. तें ठरवितो टायर. मोठ्या ब्रेकांचा उपयोग वारंवार, एकामागून एक ब्रेक लावण्याचा प्रसंग येतो तेथें, म्हणजे शर्यतीच्या मैदानावर. सामान्य मालकानें त्याआधीं ब्रेकांतील द्रवाकडे पाहावें. डॉट-४ जातीचा ताजा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. पण हा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो, आणि पाणी मुरलेल्या द्रवाची किमान मर्यादा १५५ अंशच धरली आहे. द्रव उकळला कीं वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाशीं जाऊनहि गाडी थांबत नाहीं. घाट उतरतांना हा प्रसंग आला तर मोठ्या तबकडीवरील चकाकता रंग कामीं येत नाहीं. दर दोन वर्षांनीं द्रव बदलणें ही नजरेस न दिसणारी, पण जीव राखणारी सुधारणा होय.

स्प्रिंगा व चाकें यांच्या बाबतींत देखावा बहुधा गुणावर मात करतो. गाडी जमिनीलगत आणली कीं ती शर्यतीची दिसूं लागते. परंतु फार आखूड स्प्रिंगांमुळें चाकास वरखालीं होण्यास जागाच उरत नाहीं. भर वळणांत खड्डा लागला कीं चाक आंतल्या रबरी ठोकळ्यावर आदळतें आणि रस्त्यावरील पकड एकाएकीं सुटते. स्प्रिंग बदलावयाची तर तिला साजेसा शॉक-अॅब्सॉर्बरहि हवा. एक नवी व एक जुना अशी जोडी जमत नाहीं. या गाडीचीं मूळचीं चाकें १४ इंचांचीं. त्यांच्या जागीं मोठीं व जड चाकें घालणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड. चाकाचें वजन स्प्रिंगवर नसतें, स्प्रिंगच्या खालीं असतें; तें जितकें अधिक, तितकें चाकास रस्त्याच्या उंचसखलपणास चिकटून राहणें कठीण. हलकीं चाकें घेतलीं तरच तो खर्च सार्थकीं लागतो.

इंजिनाचा क्रम मुद्दाम शेवटीं लावला आहे. उघडा एअर-फिल्टर बसविला कीं आवाज मोठा होतो आणि आवाजालाच पुष्कळ जण शक्ति समजतात. वास्तविक असा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. हवेचें तपमान २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेलें तर तिची घनता सुमारें नऊ टक्के घटते, आणि त्याच मानानें इंजिनास मिळणारा प्राणवायु कमी होतो. टर्बो बसविल्यास शक्ति खरोखरच पुष्कळ वाढते. पण एकट्या टर्बोनें भागत नाहीं. इंधनाचें नियमन, क्लच, रेडिएटर, ब्रेक असा एकेक भाग त्याच्यामागून पैसे मागत येतो. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा धडा येथें विशेष लागू पडतो.

अमेरिकेंत स्पेक मियाटा नांवाचा शर्यतीचा वर्ग आहे. त्यांत सर्व गाड्या नियमानें शक्य तितक्या सारख्या ठेवलेल्या असतात; म्हणून जिंकतो तो मुख्यतः चालवणारा. एखाद्या जाणत्या शिक्षकापाशीं मैदानावर घालविलेला एक दिवस अनेक महागड्या भागांहून अधिक वेग देतो, आणि ही सुधारणा गाडी विकली तरी मालकापाशींच राहते.

मैदानावर उघडी गाडी नेणाऱ्यानें आसनांमागें पोलादी संरक्षक कमान अवश्य बसवावी. ती डोक्याहून उंच व गाडीच्या भक्कम भागास जखडलेली हवी. मात्र रस्त्यावर शिरस्त्राणावांचून बसणाऱ्याचें डोकें तिच्यावर आपटणार नाहीं, इतकें अंतर व योग्य आवरण नसेल तर रक्षकच भक्षक ठरतो.

कायद्यासहि विसरून चालत नाहीं. जर्मनींत महत्त्वाचे फेरफार तपासून घ्यावे लागतात. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत बदलांस आडकाठी करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. विमा कंपनीस न कळवितां केलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या आड येऊं शकतो.

शेवटीं पद्धतीविषयीं एवढेंच कीं, एका वेळीं एकच बदल करावा, कांहीं दिवस गाडी चालवून पाहावी, काय सुधारलें व काय बिघडलें तें वहींत टिपावें, आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवावा. चार बदल एकदम केले तर गुण कोणाचा व दोष कोणाचा, हें कोणासच सांगतां येत नाहीं. हलक्या गाडीचें सुख तिच्या साधेपणांत आहे. जो बदल त्या सुखांत भर घालतो तो करावा, आणि जो केवळ शेजाऱ्यास दाखविण्यापुरता आहे त्याचे पैसे पेट्रोलासाठीं राखून ठेवावे.