खुर्ची गावाची, दोरी मुंबईची
लेखमाला ‘नगरपालिका समजून घेताना’ : भाग ५

गेल्या भागात प्रभाग आणि नगरसेवक पाहिले. आता सभागृहात शिरल्यावर समोरच दिसणाऱ्या उंच पाठीच्या खुर्चीकडे वळू.

बुलढाणा जिल्ह्यात महापौर नाही. शेजारी अकोल्यात २००१ पासून महानगरपालिका आहे, जळगावात २००३ पासून. जालना अगदी अलीकडे, २०२३ मध्ये त्या रांगेत गेले. आपल्याकडे मात्र २०११ च्या जनगणनेप्रमाणे पाचातला जेमतेम एक माणूस शहरात राहतो. जिल्ह्यातले सर्वांत मोठे शहर खामगाव, तेही त्या मोजणीत एक लाखाच्या आतच होते. महानगरपालिकेला साधारण तीन लाखांची वस्ती लागते. त्यामुळे महापौराची जागा आपल्याकडे नगराध्यक्ष भरून काढतात. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, नांदुरा आणि मलकापूर अशा अकरा नगर परिषदा, शिवाय मोताळा आणि संग्रामपूर या दोन नगरपंचायती. तेरा तालुके, तेरा खुर्च्या.

यातली खामगावची खुर्ची जुनी. त्यामागे कापूस आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड तेव्हा निजामाचा मुलूख असला तरी १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हाती होता. खामगावचा बाजार इतका फुगला, की नुसत्या कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत फाट्याची रेल्वे टाकली गेली आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनाला आले. नगरपालिका त्याआधीच, १८६७ मध्ये स्थापन झाली होती. बुलढाण्याची नगरपालिका झाली १८९३ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर. जिल्ह्याचे ठाणे असले तरी बुलढाणा तेव्हा घाटावरच्या थंड हवेतले, साहेबांच्या बंगल्यांचे छोटे गाव होते. खामगाव तर १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. खामगावकर आजही स्वतंत्र जिल्हा मागतात, त्या मागणीला एक जुनी ऐट आहे ती इथून आलेली असावी, असे मला वाटते.

या पहिल्या नगरपालिकांत अध्यक्ष म्हणजे गावाने निवडलेला माणूस नव्हे. सरकारी अधिकारी अध्यक्षस्थानी बसे आणि गावातले व्यापारी, वकील त्याच्याभोवती. दिवाबत्ती, झाडलोट, रस्ते, पटकीची साथ आली तर बंदोबस्त, एवढा कारभार. लॉर्ड रिपन यांनी १८८२ च्या ठरावात स्थानिक संस्थांत निवडून आलेले सदस्य वाढवावेत, शक्य तिथे बिनसरकारी अध्यक्ष असावा, असे म्हटले. वऱ्हाडासाठी १८८६ मध्ये नगरपालिकांचा वेगळा कायदा झाला. ‘शक्य तिथे’ या अटीत मात्र पुढची कित्येक वर्षे निघून गेली. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. मध्य प्रांताच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्याने निवडून आलेल्या सदस्यांचे वजन वाढले आणि लोकांमधला अध्यक्ष ही गोष्ट नेहमीची झाली.

हाच १९२२ चा कायदा आपल्याकडे फार टिकला. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी नगरपालिकांपुरता विदर्भ नागपूरच्या जुन्या कायद्याने, मराठवाडा हैदराबादच्या आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबई इलाख्याच्या कायद्याने चालत होता. देऊळगाव राजा आणि पलीकडचे जालना यांच्यात एका तासाचेही अंतर नाही, पण दोन्हीकडच्या नगराध्यक्षांचे अधिकार वेगळ्या पुस्तकांत लिहिलेले. महाराष्ट्र नगर परिषद अधिनियम १९६५ चा. तो १५ जून १९६७ ला अमलात आला आणि सगळी शहरे एका पुस्तकाखाली आली. आजही तेच पुस्तक आहे. त्यातली नगराध्यक्षाच्या निवडीची पाने मात्र इतक्यांदा फाडून चिकटवली गेली, की मूळ काय होते ते शोधावे लागते.

सुरुवातीला नगरसेवक आपल्यातून नगराध्यक्ष निवडत. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना पद्धत बदलली आणि १९७४ मध्ये मतदारांनी पहिल्यांदा थेट नगराध्यक्ष निवडला. पुढे ती पद्धत गेली. काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या आघाडी सरकारने २००१ च्या निवडणुकांसाठी थेट निवड परत आणली; त्याच आघाडीच्या सरकारने २००६ पर्यंत ती गुंडाळली. मग दहा वर्षे अडीच-अडीच वर्षांचे नगराध्यक्ष. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना २०१६ मध्ये पुन्हा थेट निवड. महाविकास आघाडीने २०२० मध्ये ती रद्द केली, तेव्हा नगरविकास मंत्री होते एकनाथ शिंदे. तेच शिंदे २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि जुलैत त्यांच्या सरकारने थेट निवड परत आणली. दोन वर्षांत एकाच माणसाला दोन्ही पद्धती लोकहिताच्या वाटल्या.

प्रत्येक वेळी कारणे उदात्त सांगितली गेली. थेट निवड आणताना घोडेबाजार थांबेल, कारभार स्थिर होईल, लोकांचा माणूस खुर्चीवर बसेल. रद्द करताना नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, त्यामुळे कामे अडतात. दोन्ही कारणे खरीच आहेत. नगरसेवकांच्या सहलींच्या कथा कोणत्या गावात नाहीत? मतदानाच्या आठवडाभर आधी ‘देवदर्शनाला’ गेलेली मंडळी थेट सभागृहाच्या दारात उतरतात, हे दृश्य जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या पत्रकाराला विचारा. आणि थेट निवडीत नगराध्यक्षाने विषय मांडायचा, बहुमताने तो फेटाळायचा, हेही राज्यभर अनेक शहरांनी २०१६ नंतर पाहिले. तरी माझे मत असे, की निर्णय दर वेळी झाला तो गणितावर. ज्याला शहरभर चेहरा चालवता येतो त्याला थेट निवड आवडते आणि ज्याचे प्रभागाप्रभागांत पाळेमुळे असलेले कार्यकर्ते आहेत त्याला नगरसेवकांमधून.

शेजारच्या मध्य प्रदेशात तर चित्र नेमके उलटे होते. मलकापूरहून बऱ्हाणपूर फार लांब नाही. तिथे २०२२ मध्ये लोकांनी महापौर थेट निवडला आणि लहान शहरांच्या नगरपालिकांत अध्यक्ष नगरसेवकांनी. आपल्याकडे महापौर नगरसेवक निवडतात आणि नगराध्यक्ष लोक. घटनेलाही यात काही म्हणायचे नाही. १ जून १९९३ ला अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत, राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग हे सगळे दिले. अध्यक्ष कसा निवडायचा ते मात्र राज्यांवर सोडले. महाराष्ट्रातल्या खेळाला मैदान मिळाले ते तिथे.

आरक्षणाचा भाग मात्र ठाम राहिला. महिलांसाठी आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्मी पदे. नगराध्यक्षपदाची सोडत सगळ्या राज्यासाठी एकत्र निघते, म्हणून मेहकरची खुर्ची कोणत्या प्रवर्गाला गेली हे मेहकरात ठरत नाही. सोडत निघाली की रात्रीतून फलक बदलतात. कालपर्यंत स्वतःचा फोटो लावणारे पत्नीचा, आईचा, सुनेचा लावतात. याची थट्टा करणे सोपे आहे. पण या दाराने आत आलेल्या काही बायकांनी दोन-तीन वर्षांत टिप्पणी वाचायला आणि अधिकाऱ्याला उभे करून विचारायला शिकून घेतले, ही गोष्ट थट्टेच्या भरात सुटते.

आता खरा प्रश्न. निवडून आलेला नगराध्यक्ष करू काय शकतो?

कायद्याचे कलम ५८ त्याची कामे सांगते. सभा बोलवायच्या, अध्यक्षस्थान घ्यायचे, आर्थिक आणि कार्यकारी प्रशासनावर लक्ष ठेवायचे, उणीव दिसली तर ती परिषदेच्या नजरेला आणायची. समसमान मते पडली तर निर्णायक मत त्याचे. स्थायी समितीचा तो पदसिद्ध सभापती. आणीबाणीत, म्हणजे पूर आला, साथ आली, जलवाहिनी फुटली तर सभेची वाट न पाहता काम करण्याचा आदेश तो देऊ शकतो. मागाहून सभेला कळवावे लागते.

लक्षात आले असेल, यातला बराच भाग ‘लक्ष ठेवण्याचा’ आहे. ठरावाची अंमलबजावणी, वसुली, कर्मचाऱ्यांवरचे रोजचे नियंत्रण हे मुख्याधिकाऱ्यांकडे. ज्यांना सगळे गाव ‘सीओ साहेब’ म्हणते ते राज्य सरकारचे अधिकारी. त्यांची नेमणूक आणि बदली मुंबईतून होते. ठराव कायद्याच्या विरोधात किंवा लोकांना त्रासदायक आहे असे वाटले तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. म्हणजे ज्याला शहराने हजारो मतांनी निवडले त्याच्या डाव्या हाताला एक सही आणि उजव्या हाताला दुसरी. मुंबईत १८८८ च्या कायद्यापासून आयुक्त कारभारी आणि महापौर मानाचा, ही घडी बसली. आपल्या लहान गावांत ती तशीच उतरली, फक्त नगराध्यक्षाला मानाच्या जोडीला थोडे काम मिळाले.

पैशाचे पाहा. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असे. दिवसाचा दिवस रोख पैसा येई आणि तो गावाचा असे. नगर परिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. व्यापाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो योग्यच होता. नाक्यावरची अडवणूक कोणालाच आवडत नव्हती. पण त्या बदल्यात राज्याकडून येणारे सहायक अनुदान आले आणि नगरपालिका हप्त्यावर जगू लागली. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे ही स्वतःची मिळकत. तिच्यातून पगार आणि वीजबिल निघाले तरी पुष्कळ. मोठे काम काढायचे तर योजना राज्याची किंवा केंद्राची, अटी त्यांच्या, आणि निधी ‘खेचून आणला’ असे फलकावर लिहायचे श्रेय आमदारांचे. नगराध्यक्ष आमदारांच्या गटाचा नसेल तर काय होते, ते वाचकांना सांगायला नको. दोन्ही पदे एकाच घरात का लागतात, याचेही उत्तर इथेच सापडते.

तरीही पाणी आले नाही की लोक नगराध्यक्षाच्याच दारी जातात. बुलढाण्याला पाणी देते पैनगंगेवरचे येळगाव धरण. धरणात पाणी आहे आणि नळाला आठवडाभर नाही, अशी वेळ आली की शिव्या खायला सीओ साहेब हाती लागत नाहीत, नगराध्यक्ष लागतात. मला ही गोष्ट वाईट वाटत नाही. अधिकार कागदावर कमी असले तरी ज्याला रोज बाजारातून जायचे आहे त्याच्यावर एक दाब असतो, आणि चांगले नगराध्यक्ष त्या दाबाचाच अधिकार करून घेतात. अधिकाऱ्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि फाइल निघेपर्यंत उठायचे नाही, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.

सगळ्यांत अवघड खुर्ची मात्र लोणारची. गाव लहान, उत्पन्न त्याहून लहान, आणि पायाशी जगाने दखल घेतलेले उल्कापाती सरोवर. ते अभयारण्य आहे म्हणून वनविभाग, काठावर प्राचीन मंदिरे आहेत म्हणून पुरातत्त्व खाते, जमीन आहे म्हणून महसूल. २०२० पासून रामसर यादीत नाव आहे म्हणून आंतरराष्ट्रीय नजर. आणि वर्षानुवर्षे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची देखरेख. गावातल्या नाल्यांचे सांडपाणी सरोवराकडे जाते, एवढा एकच भाग नगरपालिकेचा, आणि दोष द्यायची वेळ आली की सगळी बोटे त्याच भागाकडे वळतात. सांडपाणी वळवून त्यावर प्रक्रिया करायला जो पैसा लागतो तो लोणारच्या घरपट्टीतून कधीच उभा राहणार नाही. शेगावचे उलटे. तिथे येणारा भाविक मंदिर संस्थानची शिस्त आणि स्वच्छता पाहून थक्क होतो आणि परत जातो. गावाला नगराध्यक्ष आहे हे त्याच्या मनातही येत नाही. मंदिराच्या वाटेवरचा कचरा उचलणारी गाडी मात्र नगरपालिकेचीच असते.

मध्ये तर ही खुर्ची रिकामीच होती. २०१६ च्या शेवटी निवडून आलेल्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. ७४ वी घटनादुरुस्ती झाली ती अशीच रिकामी सभागृहे भरण्यासाठी, हे त्या चार वर्षांत कोणाला फारसे आठवले नाही. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, २ डिसेंबरला मतदान झाले, काही ठिकाणी ते लांबून २० तारखेवर गेले आणि मोजणी सगळ्यांची २१ डिसेंबरला. प्रशासक काळात रस्ते झाले, नळही आले. काही गावांत कारभार आधीपेक्षा नेटका चालला असे लोक उघड बोलतात. पण चार वर्षांचे अंदाजपत्रक एका माणसाने मांडले आणि त्यानेच मंजूर केले. कोणी हात वर करून ‘हा खर्च कशाला?’ असे विचारले नाही, कारण विचारणारे कोणी सभागृहात नव्हतेच.

आता ते आहेत. नगर परिषदेची सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. विषयपत्रिका कार्यालयाच्या फलकावर पाहा, मागच्या सभेचे इतिवृत्त मागा आणि प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसा. नगराध्यक्ष विषय वाचतात की नुसते ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पुढे जातात, हे अर्ध्या तासात कळते. त्यांच्या शेजारी बसून मधूनमधून कानात काही सांगणारे गृहस्थ दिसतील. ते मुख्याधिकारी. पुढचा भाग त्यांच्यावर.