गुडघ्याची मुरगळ आणि हाडातील मुका मार

सोयगावसारख्या तालुक्यात कबड्डी खेळताना गुडघा पिळवटलेला तरुण बहुधा प्रथम वैद्याकडे किंवा औषधी दुकानदाराकडे येतो. क्ष-किरण चित्र निर्दोष असले की ‘हाडाला काही नाही’ असे सांगून तेल चोळावयास दिले जाते. येथेच घात होतो, असे आम्हांस वाटते.

गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटताना मांडीचे हाड व नडगी एकमेकांवर आदळतात. आतील जाळीदार अस्थीत सूक्ष्म भंग होऊन रक्त व द्रव साठतो. हा मुका मार क्ष-किरणांत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तो गुडघ्याच्या बाह्य भागी आढळल्यास अस्थिबंध तुटल्याची दाट शंका घ्यावी. सुश्रुतांनी जानुमर्म वैकल्यकर मानून त्याच्या आघाताने खंजता येते, असे सांगितले, ते उगीच नव्हे.

दुखापतीच्या वेळी ‘कट्’ असा आवाज, काही तासांत आलेली सूज, गुडघा निसटल्याची भावना, यांपैकी काहीही असल्यास मर्दन टाळावे, सांध्यास आधार देऊन विश्रांती सांगावी आणि रुग्णास जळगाव वा छत्रपती संभाजीनगर येथील अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. वाढत्या वयातील मुलांत हाडाच्या वाढ-पट्टीची इजाही संभवते.

मुका मार काही आठवड्यांत वा महिन्यांत भरून येतो, वेदना शमते. परंतु वेदना शमली म्हणजे अस्थिबंध जुळला, असे नव्हे. गुग्गुळकल्प अवश्य द्यावेत. निदान मात्र आधी व्हावे.