होम थिएटर घेताना आधी खोली मोजा, वॅट नंतर

बारामती - दिवाणखान्यात मोठा टीव्ही, त्याखाली लांबट साउंडबार आणि कोपऱ्यात सबवूफर, हे दृश्य बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील नव्या घरांत आता नवलाईचे राहिलेले नाही. ऊसबिलाचा दिवाळीपूर्वीचा हप्ता असो किंवा औद्योगिक वसाहतीतील नोकरदारांचा बोनस, सणासुदीच्या खरेदीत होम थिएटरला स्थान मिळू लागले आहे. मात्र बरीच रक्कम खर्चूनही संवाद नीट कळत नाहीत आणि हाणामारीच्या प्रसंगी कानठळ्या बसतात, अशी तक्रार घरातील वडीलधारी मंडळी करताना दिसतात. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. खोलीचा विचार न करता केलेल्या निवडीचा तो परिणाम असतो.

खोलीच पहिले उपकरण

स्लॅबचे छत, गुळगुळीत गिलावा, चकचकीत फरशी आणि मोठ्या काचेच्या खिडक्या ही आजच्या बंगल्यांची आणि सदनिकांची सर्वसाधारण रचना आहे. हे सर्व पृष्ठभाग ध्वनी फारच थोडा शोषतात आणि बाकीचा परत फेकतात. त्यामुळे एक शब्द विरण्यापूर्वीच दुसरा त्यावर येऊन आदळतो. या रेंगाळण्यालाच निनाद म्हणतात.

निनादाचे गणित मांडले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी. तेथील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नसत. १८९५ मध्ये सॅबिन यांच्याकडे हे काम आले. जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून त्यांनी त्या व्याख्यानगृहात मांडल्या आणि निनाद किती घटतो, हे मोजले. त्यांच्या सूत्रानुसार १२ बाय १५ फुटांच्या, १० फूट उंचीच्या रिकाम्या खोलीचे पृष्ठभाग सरासरी ३ टक्के ध्वनी शोषत असतील, तर आवाज पूर्ण विरण्यास ३ सेकंदांहून अधिक काळ लागतो. संवाद स्पष्ट कळण्यासाठी हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावा लागतो.

त्यासाठी महागडे फलक लागतातच असे नाही. जाड सतरंजी किंवा गालिचा, कापडी सोफा, भरपूर चुण्यांचे जड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी मोठा फरक पडतो. या भागातील घराघरांत असणारी घोंगडी भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर ठेवून टांगल्यास चढ्या स्वरांचा कर्कशपणा कमी होतो. सबवूफरचा खोल आवाज मात्र अशा पातळ आच्छादनाला दाद देत नाही.

पडदा किती मोठा?

टीव्हीचा आकार भिंतीवरून नव्हे, तर बसण्याच्या जागेवरून ठरवावा. पडद्याच्या कर्णाची लांबी १.६ ने गुणली असता चित्रपटासाठी सोयीचे अंतर मिळते. या हिशेबाने ४३ इंची टीव्हीसाठी सुमारे पावणेसहा फूट, ५५ इंचीसाठी सव्वासात फूट आणि ६५ इंचीसाठी पावणेनऊ फूट अंतर येते. बातम्या आणि मालिकाच अधिक पाहिल्या जात असतील, तर अंतर थोडे वाढले तरी चालते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या जवळपास असावा. शोभेसाठी टीव्ही उंच टांगल्यास मान अवघडते.

प्रोजेक्टर कमी खर्चात मोठे चित्र देतो. पण दिवसा लख्ख उजेड येणाऱ्या खोलीत ते फिके पडते. खिडक्या पूर्ण झाकता येत असतील, तरच तो पर्याय विचारात घ्यावा.

संवाद येतो मधल्या स्पीकरमधून

होम थिएटरच्या खोक्यावर ५.१ असा आकडा असतो. समोर डावा, उजवा आणि मधला, तसेच प्रेक्षकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे पाच स्पीकर आणि फक्त खोल आवाजासाठी एक सबवूफर, हा त्याचा अर्थ. डॉल्बी डिजिटल ही पद्धत चित्रपटगृहांत १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर आली आणि पुढे घरोघरी पोहोचली.

या मांडणीत बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. वय वाढते तसे प्रथम चढे स्वर ऐकू येणे कमी होते आणि 'स', 'श', 'त' यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच स्वरांवर अवलंबून असते. म्हणून घरात ज्येष्ठ नागरिक असतील, तर मधला स्पीकर चांगल्या प्रतीचा असावा आणि त्याचा आवाज स्वतंत्रपणे वाढवता यावा, ही पहिली अट ठेवावी. एकूण आवाज वाढवल्याने धमाकेच वाढतात. मधला स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवला, तर शब्द उठून येतात.

समोरचे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणि बाजूचे त्याहून थोडे वर असावेत. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर बाजूचे स्पीकर मागे कोंबण्याऐवजी सोफ्याच्या रेषेत बाजूच्या भिंतींवर लावावेत.

खोली लहान असेल आणि वायरींचा पसारा नको असेल, तर साउंडबार पुरेसा ठरतो. खोली मोठी असेल आणि बांधकाम सुरू असतानाच भिंतीतून वायरी नेणे शक्य असेल, तर रिसीव्हर आणि सुटे स्पीकर अधिक समाधान देतात. त्यातला एखादा भाग बिघडला, तर तेवढाच बदलता येतो. गिलाव्यापूर्वी रिकाम्या नळ्या टाकून ठेवण्याचा खर्च किरकोळ असतो. नंतर भिंत फोडण्याचा नसतो.

डॉल्बी अॅटमॉस या २०१२ मध्ये आलेल्या पद्धतीत आवाज डोक्यावरूनही येतो. काही साउंडबार त्यासाठी आवाज छताकडे सोडतात आणि तो परतून कानांवर येतो. त्याला सपाट आणि साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचे छत लागते. उतरत्या पत्र्याच्या किंवा कौलारू घरात अशा साउंडबारवर अधिक पैसे घालणे व्यर्थ आहे.

वॅटचा भूलभुलैया

खोक्यावरील 'पीएमपीओ' हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो आणि तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. ग्राहकाने 'आरएमएस', म्हणजे सातत्याने मिळणारी शक्ती, विचारावी. वॅट दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते.

स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल असेल, तर एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. दहा फुटांवर तो ८० डेसिबलच्या आसपास राहतो. सर्वसाधारण बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले की हजारो वॅटच्या जाहिरातीतील फोलपणा ध्यानात येतो. घरासाठी प्रत्येक स्पीकरला खरे ५० ते ८० वॅट पुष्कळ झाले.

सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास आवाज वाढतो, पण घुमतोही. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवून एखादे गाणे लावावे आणि खोलीच्या कडेने वाकून फिरावे. जेथे खोल आवाज घुमत नाही आणि स्पष्ट ऐकू येतो, तीच त्याची जागा.

जोडणी आणि वीज

टीव्हीवरील 'ई-एआरसी' असे लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतून एकाच वायरीने सर्व प्रकारचा ध्वनी साउंडबारकडे जातो. ऑप्टिकल वायर ५.१ पर्यंत चालते, अॅटमॉससाठी नाही. टीव्ही आणि साउंडबार दोहोंवर ही सोय असल्याची खात्री करावी.

वस्तीवरील घरांत विजेचा प्रश्न वेगळा असतो. एकाच रोहित्रावर शेतीपंप असतील, तर ते सुरू होताच विजेचा दाब खाली येतो. आजचे बरेच टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात. तसे मागील पट्टीवर लिहिलेले असल्यास वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज नसते. रिसीव्हरची पट्टी मात्र स्वतंत्रपणे तपासावी. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यांपैकी जुन्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर स्पीकरमधून घरघर ऐकू येते. तेथे साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो. वळिवाच्या विजा कडाडू लागल्यास बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत. योग्य अर्थिंग नसेल, तर सर्ज प्रोटेक्टरही पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही.

शेजाऱ्यांचाही विचार

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा जास्त असू नये, असेही नियम सांगतो. सदनिकेत सबवूफरखाली जाड रबर किंवा फोम ठेवल्यास खालच्या मजल्यावर जाणारी कंपने कमी होतात. रात्री 'नाइट मोड' लावल्यास धमाके दबतात, संवाद मात्र ऐकू येतात.

खरेदीपूर्वी

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्यातून वाचणारी रक्कम आणखी मोठ्या पडद्याऐवजी आवाजावर आणि पडदे-सतरंजीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि इंदापूरहून त्याहून दूर. त्यामुळे ऑनलाइन स्वस्त मिळणाऱ्या वस्तूची दुरुस्ती घरी येऊन होणार की ती पुण्याला न्यावी लागणार, हे आधी विचारून घ्यावे.

दुकानात प्रात्यक्षिकासाठी बहुधा स्फोटांची दृश्ये दाखविली जातात. ग्राहकाने त्याऐवजी भरपूर संवाद असलेला मराठी चित्रपट कमी आवाजात लावण्याचा आग्रह धरावा आणि शक्य असल्यास घरातील आजी-आजोबांना सोबत न्यावे. त्यांना प्रत्येक वाक्य कळले, तर निवड योग्य झाली असे समजावे.