चक्र, तलवार आणि कडेवरचं बाळ

मध्ययुगीन युरोपातल्या चर्चमध्ये स्त्री-संत ओळखायची ती चेहऱ्यावरून नव्हे, जवळच्या वस्तूंवरून. मनोरा दिसला की बार्बारा, मोडकं चक्र दिसलं की अलेक्झांड्रियाची कॅथरीन. आख्यायिका सांगते की तिने सम्राट मॅक्सेंटियसच्या पन्नास पंडितांना वादात हरवलं, तिला मारण्यासाठी आणलेलं काटेरी चक्रच तुटलं आणि अखेर तलवारीने तिचा शिरच्छेद झाला. म्हणजे चक्र आणि तलवार ही तिने सोसलेल्या छळाची साधनं. आपल्या किनाऱ्यावर मात्र हीच साधनं जेत्याची शस्त्रं बनली. २५ नोव्हेंबर १५१० या तिच्या सणाच्या दिवशी पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकला. पुढे तिथलं कॅथेड्रल तिच्या नावाने उभं राहिलं आणि पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हातही तिचं चक्र आलं. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीवर कॅथरीन मानली जाणारी स्त्री तलवार घेऊन उभी आहे, पायांखाली पौर्वात्य वेशातला पुरुष. मॅक्सेंटियसला पायांखाली दाखवण्याची रीत युरोपात जुनीच होती, मग यात राजकारण कुठलं, असं कोणी विचारेल. रीत जुनी, हे खरंच. पण पायांखालच्या माणसाचा वेश बदलला आणि मूर्ती वेदीवरून शहराच्या दारावर आली, तेव्हा पराभूत कोण हे येणाऱ्याजाणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे आली आणि गोव्याच्याच अमलाखाली राहिली. इथे भक्तीच्या केंद्रस्थानी आली ती रमेदी माता, म्हणजे आजार-संकटांतून सोडवणारी मरिया. हुतात्मा कॅथरीन आणि येशूची आई यांची तुलनाच गैर, हा आक्षेप वजनदार आहे. तरीही सत्तेने मरियेलाही युद्धात ओढलंच होतं: वसईच्या किल्ल्याच्या एका बुरुजाला ‘नोसा सेन्योरा दोस रेमेदियोस’ आणि दुसऱ्याला ‘माद्रे दे देउस’ अशी तिचीच नावं होती. फरक पडला तो मूर्तीच्या घडणीने. या रूपातल्या मरियेच्या हाती परंपरेने बाळ येशू असतो. जिंकलेला शत्रू दाखवायला तिच्यापाशी जागाच नाही. माझ्या मते तिची भक्ती सत्तेपलीकडे टिकली त्यात या घडणीचा मोठा वाटा आहे. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, ते बुरुज पोर्तुगीजांच्या हातून कायमचे गेले. रमेदी मातेला मात्र ख्रिस्ती नसलेली माणसंही आज नवस बोलतात.