ताकद हत्यारांची, नजर लेकीची

मैत्रिणींनो, डाव्या पायाला आराम देणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्या आता लहान गावांतही दिसतात. त्या दुरुस्त करायला आपली लेक का नको? महिला मंडळात हे बोलले की आया लगेच म्हणतात, ‘‘अहो ताई, त्याला पुरुषी ताकद लागते!’’

खरं तर ताकद लावतात ती हत्यारं. जड गिअरबॉक्स उतरवायला ट्रान्समिशन जॅक असतो. आतल्या ताठ स्प्रिंगा हातानं कुणालाच दबत नाहीत, पुरुषालाही नाही. त्यांना स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. सर्कलिप काढायला वेगळी पक्कड, क्लच प्लेटांमधली फट मोजायला फीलर गेज आणि बोल्ट नेमके आवळायला टॉर्क रेंच.

उरते ती स्वच्छता आणि चिकाटी. पुसायचं कापड धागे न सोडणारं हवं. एखादा धागा तेलाच्या बारीक वाटेत अडकला, तर गिअर बदलताना धक्के बसू शकतात. नव्या क्लच प्लेटा तर जोडण्याआधी ट्रान्समिशनच्या तेलात भिजत घालतात, आपल्या डाळीसारख्याच!

आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे. तेव्हा लेकीचे दंड नका बघू, तिचा कल बघा.